मातीच्या हवालीं

आपल्या भाषेनें मातीची फारशी पत ठेविलेली नाहीं. काम बिघडलें कीं त्याची 'माती झाली', मोलाची वस्तु वायां गेली कीं ती 'मातीमोल झाली', असें आपण सहज म्हणून जातों. असें असतां स्वित्झर्लंडसारख्या हिशेबी राष्ट्रानें आपल्या अणुभट्ट्यांतील जळकें इंधन पेट्यांत घालून शेवटीं मातीच्याच हवालीं करावयाचें योजिलें आहे, हें वाचून आम्हांस मातीविषयीं पुन्हा विचार करावासा वाटला.

या कचऱ्यांतील प्लुटोनियमचा जोर निम्म्यावर येण्यासच सुमारें २४,००० वर्षें लागतात. म्हणून त्यासाठीं दहा लक्ष वर्षांचा हिशेब धरावा लागतो. इतक्या काळाचा भरवसा पोलादाचा देतां येत नाहीं. तें केव्हां तरी गंजणारच. मग मातीचा तरी कां द्यावा?

ही माती म्हणजे शेतांतला चिखल नव्हे. सुमारें साडेसतरा कोटी वर्षांपूर्वीं समुद्राच्या तळाशीं बसलेला गाळ दाबला जाऊन हा मृत्तिकापाषाण झाला. त्यांत सांपडणाऱ्या एका शंखधारी प्राण्यावरून त्यास 'ओपॅलिनस क्ले' म्हणतात. आपल्या देवघरांतील शाळिग्रामावर जें चक्र दिसतें, तें याच कुळांतील प्राण्याचें. जूरा प्रांतांतील माँ तेरी डोंगराच्या पोटांत १९९६ पासून या खडकाची परीक्षा चालू आहे. तेथें कचरा पुरीत नाहींत. खडकाचा स्वभाव तेवढा पारखतात.

हा स्वभाव मोठा विलक्षण आहे. या कामीं खरा वैरी पाणी. परंतु भेगेंत पाणी शिरलें कीं ही माती फुगते आणि भेग आपली आपणच बुजते. तिचीं छिद्रें इतकीं बारीक कीं पाणी जवळजवळ वाहतच नाहीं. सीझियमसारखीं द्रव्यें तिच्या कणांस चिकटून राहतात. आयोडीन मात्र चिकटत नाहीं, आणि त्याच्या एका प्रकाराचें अर्धें आयुष्यच दीड कोटी वर्षांहून अधिक; तेथें मातीच्या संथपणावरच विसंबावें लागतें. तो संथपणा कसा, याची साक्ष खडकच देतो: पुरातन समुद्राचा खारटपणा त्याच्या छिद्रांतील पाण्यांत अद्यापि शिल्लक आहे.

१९७२ सालीं या कामासाठीं स्थापन झालेल्या नाग्रा संस्थेनें २०२२ सालीं झुरिचच्या उत्तरेकडील 'नॉर्डलिख लेगर्न' हा प्रदेश निवडला, आणि २०२४ सालीं सरकारकडे अनुज्ञेसाठीं अर्ज केला. तत्पूर्वीं निडवाल्डेन प्रांतांतील लोकांनीं वेलेनबर्ग येथील एक योजना १९९५ व २००२ सालीं मतें देऊन फेटाळली होती. जिवंत माणसांस असें नाहीं म्हणतां येतें. ज्यांच्या पायांखालीं हें ओझें हजारों वर्षें राहणार, त्यांना मत कोठलें?

त्यांना निदान सूचना तरी असावी, म्हणून तेथील २००३ च्या कायद्यानें अशा जागेवर कायमची खूण ठेवण्याची आज्ञा केली आहे. हेतु चांगला, पण आम्हांस आपल्या कोंकणांतील गधेगाळ आठवतात. दानभूमि हिरावून घेणाऱ्यास जरब बसावी म्हणून शिलाहारांच्या काळीं दगडावर शाप कोरले. हजार वर्षांच्या आंतबाहेरच ते गांवकऱ्यांस वाचतां येईनासे झाले, आणि कित्येक ठिकाणीं त्याच दगडांस शेंदूर फांसून लोक त्यांना देव मानूं लागले. शापाचा देव व्हावयास इतका थोडा काळ पुरतो! मग दहा लक्ष वर्षांच्या खुणेचें काय होईल?

म्हणूनच माती बरी, असें आम्हांस वाटतें. तिला लिपि नको, पहारा नको, आणि आपलें काम करण्यास कोणाची आठवणही नको. मात्र तिच्या भरंवशावर आपण मोकळे झालों असें समजूं नये. हा खर्च वीज निर्माण करणाऱ्यांनींच सोसावा, असें स्विस कायदा सांगतो. तें न्याय्य आहे. १९६९ पासून तारापूरची वीज घेणाऱ्या आपणांसही हा प्रश्न परका नाहीं, कारण तेथेंही असा तीव्र कचरा काचेंत बांधून सांभाळला जात आहे. शास्त्रानें देव, ऋषि व पितर यांचीं ऋणें सांगितलीं, तीं सर्व मागच्यांचीं. पुढें जन्मणाऱ्यांचें ऋण त्यांत नाहीं. कारण त्यांच्यावर इतकें लांबचें ओझें टाकण्याची शक्ति पूर्वजांपाशीं नव्हती. ती आपल्यापाशीं आली आहे, तेव्हां तें ऋणही आपणच मोजून घेतलें पाहिजे.