एक आयडी, दोन फॉर्म

परवा आमच्या एका टेस्टरने मला त्याच्या जागेवर बोलावलं. त्याला दिसत नाही, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लावून काम करतो. "अरे, जरा ऐक," म्हणाला आणि हेडफोन माझ्या हातात दिला.

बिल भरायचं पान. वरचा फॉर्म स्वतःचा, खालचा आईचा. कॉम्पोनंट एकच, दोनदा वापरलेला. त्याने खालच्या फॉर्ममधली रक्कम रिकामी ठेवून 'भरा' दाबलं. अशा वेळी फोकस चुकलेल्या रकान्यात जायला हवा. गेलाही, पण वरच्या फॉर्मच्या! कानात नुसतं "रक्कम" एवढंच. त्याने आकडा टाकून एंटर मारलं. भरलं गेलं त्याचं स्वतःचं बिल, आईचं तसंच राहिलं. नशीब की हे सगळं टेस्टच्या सर्व्हरवर.

कोड अर्थातच माझा. त्यात सरळ डॉक्युमेंट.गेटएलिमेंटबायआयडी मारलं होतं. जेक्वेरीच्या काळातली सवय, दुसरं काय! एका पानावर एक आयडी दोनदा असू नये हा नियम, पण असला तरी ब्राउझर तक्रार करत नाही, गुपचूप पहिला सापडेल तो हातात ठेवतो. आपल्या किती प्रती पानावर आहेत, हे बिचाऱ्या कॉम्पोनंटला कुठून कळणार?

यावर रिअ‍ॅक्टचं उत्तर म्हणजे यूजरेफ. फेब्रुवारी २०१९ मध्ये १६.८ आवृत्तीत हुक्स आले, त्यातलाच हा एक. कॉम्पोनंटच्या प्रत्येक प्रतीला आपापला डबा मिळतो आणि त्यातल्या 'करंट' मध्ये रिअ‍ॅक्ट तो रकाना आणून ठेवतं. पण कधी? पान प्रत्यक्ष बदलल्यावर! पहिल्या रेंडरच्या वेळी तिथे नल असतं. म्हणून फोकस हलवायचा तो इव्हेंट हँडलरमध्ये किंवा इफेक्टमध्ये. (रेंडर करतानाच करंट वाचून अर्धा तास मीही घालवलाय.)

आमचा रकाना आणखी एका कॉम्पोनंटच्या पोटात होता. डिसेंबर २०२४ च्या रिअ‍ॅक्ट १९ पासून रेफ साध्या प्रॉपसारखा आत पाठवता येतो. आम्ही अजून १८ वर, त्यामुळे फॉरवर्डरेफचं वेष्टण आलंच. लेबल जोडायला आयडी लागतोच, तो यूजआयडीकडून घेतला. प्रत्येक प्रतीला वेगळा.

संध्याकाळी त्याला पुन्हा बसवलं. फोकस बरोबर खालच्या फॉर्ममध्ये गेला. मी खूश.

तो मात्र थांबला. "बरोबर गेला हे तुला दिसतंय. मला अजूनही नुसतं 'रक्कम'च ऐकू येतंय. कुणाची, ते कोण सांगणार?"

सोमवारी दोन्ही फॉर्मना फील्डसेट आणि लेजंड. तोवर त्याने बग बंद केलेला नाही.