दोन टप्प्यांचे रॉकेट

अलिबागच्या बाजारपेठेजवळील त्या घरात तीन पिढ्यांपासून दिवाळीत फटाका वाजलेला नाही. आवाजाने पाखरे बिथरतात आणि आगीत असंख्य लहान जीव होरपळतात, एवढे कारण त्या जैन कुटुंबाला पुरेसे होते. नऊ वर्षांच्या नातवाला मात्र गतवर्षी ते पुरेसे वाटेनासे झाले. गच्चीत बसून दुसऱ्यांची रॉकेटे मोजता मोजता त्याने विचारले, “आजोबा, आपलं रॉकेट कधीच उडायचं नाही का?” आजोबांपाशी उत्तर नव्हते. उत्तर दिले ते बारावीत शिकणाऱ्या त्याच्या बहिणीने. “उडेल की! आगीवर नाही, पाण्यावर.”

आजोबांचे दुकान नळ, पाइप आणि किरकोळ लोखंडी सामानाचे. मुलांचे वडील सहा वर्षांपूर्वी आकस्मिक वारले. मुलाच्या हाती सोपवलेले दुकान आजोबांनी वयाच्या पासष्टाव्या वर्षी पुन्हा आपल्या हाती घेतले, सून हिशेब पाहू लागली आणि संसाराचा गाडा पुढे चालला. तेव्हापासून घरात एक अलिखित नियम झाला. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला घरातले प्रत्येक माणूस आजोबांच्या डोळ्यांसमोर पानावर बसलेले असावे. या नियमाला कोणी कधी हरकत घेतली नाही. पण नात अभियांत्रिकीचे नाव घेऊ लागली, पुण्याच्या वसतिगृहाचा विषय निघू लागला आणि त्या पानांवर अधूनमधून अवघड शांतता पसरू लागली.

पाण्याच्या रॉकेटचे तत्त्व साधे आहे. थंड पेयाची २ लिटरची बाटली एक तृतीयांश पाण्याने भरायची, तोंड खाली करून पकडीत घट्ट बसवायची आणि तोंडावाटे सायकलच्या पंपाने हवा भरायची. हवा पाण्यातून बुडबुड्यांनी वर चढते आणि उरलेल्या जागेत दाबली जाते. पकड सोडताच ती पाण्याला खाली लोटते आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे बाटली वर झेपावते. दाब ६० पौंड असेल, तर आरंभी पाणी सेकंदाला सुमारे २८ मीटर, म्हणजे ताशी १०० किलोमीटर वेगाने बाहेर पडते. पापणी लवेपर्यंत सारे पाणी संपलेले असते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर हवा हे भांडवल आणि पाणी हा माल. नुसती हवा असेल तर लोटायला वजनदार असे काही नाही. पाणी काठोकाठ भरले तर हवेला जागा नाही. दोहोंचा मेळ एक तृतीयांशाच्या आसपास बसतो.

आजोबांनी आधी केवळ पहारेकरी म्हणून लक्ष घातले. दाबाखालची वस्तू कशी उलटू शकते, हे नळजोडणीच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. त्यांनी नियम घालून दिले. बाटली थंड पेयाचीच हवी, कारण ती वायूचा दाब सोसण्यासाठी बनवलेली असते. साध्या पाण्याची पातळ बाटली चालणार नाही. ओरखडे पडलेली, चेमटलेली किंवा उन्हात तापलेली बाटली वापरायची नाही. पंपाला दाबमापक हवाच. प्रत्येक बाटलीची पहिली परीक्षा ती पाण्याने पूर्ण भरून घ्यायची. पाणी हवेसारखे दाबले जात नाही, त्यामुळे बाटली तडकली तरी तिचे तुकडे उडत नाहीत. पकड १० मीटर लांबीच्या दोरीनेच सोडायची, भरलेल्या बाटलीवर कोणी वाकायचे नाही आणि रॉकेटच्या टोकाला धातू लावायचा नाही. टोक म्हणून रबरी चेंडूचा अर्धा भाग बसला. जुन्या फायलींच्या प्लॅस्टिकचे तीन पंख झाले. मग तोल जेथे साधतो तेथे दोरी बांधून नातीने ती रिकामी बाटली डोक्याभोवती फिरवली. टोक पुढे राहिले, तर रॉकेट सरळ जाते. शेपूट पुढे आले, तर टोकाचे वजन वाढवावे लागते. दोनदा मातीचा गोळा वाढवावा लागला.

भाऊबीजेनंतरच्या रविवारी पहाटे सारे कुटुंब किनाऱ्यावर गेले. त्या वेळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे मंद असतात. दुपारचे खारे वारे सुटले की हलकी वस्तू सरळ उडत नाही. ओहोटी होती. कुलाबा किल्ल्याकडे पायी जाणारे लोक दिसत होते आणि ओली वाळू फरशीसारखी घट्ट झाली होती. ५० मीटरांवर सून कोनमापक आणि ओळंबा घेऊन उभी राहिली. नातवाने दोरी ओढली. रॉकेट सर्वोच्च बिंदूला पोहोचले तेव्हा कोन ३७ अंशांचा आला. नातीने वाळूवरच गणित मांडले. उंची सुमारे ३८ मीटर. भोवतालच्या माडांचे शेंडे केव्हाच मागे पडले होते. भिजलेला नातू तेवढ्यावर थांबणारा नव्हता. “त्याच्यावर अजून एक बसवलं तर?”

या प्रश्नाने बहिणीला शाळेची एक सहल आठवली. अलिबागेत भूचुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडणार, हे दिसू लागले तेव्हा नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत, १९०४ मध्ये, ते काम अलिबागला आले. इमारतीत लोखंड येऊ नये म्हणून दगडापासून खिळ्यांपर्यंत प्रत्येक वस्तू पारखून वापरली गेली. त्या सहलीत मुलांना आणखी एका गावाचे नाव कळले होते. चुंबकीय विषुववृत्त केरळातील थुंबा या कोळ्यांच्या गावाजवळून जाते. त्या पट्ट्यावर सुमारे १०० किलोमीटर उंचीवर विद्युतप्रवाह वाहतो. जमिनीवरची उपकरणे त्याची चाहूल घेतात. प्रत्यक्ष तेथे पोहोचायचे, तर रॉकेटच हवे. म्हणून अहमदाबादच्या जैन घराण्यात जन्मलेल्या विक्रम साराभाईंनी थुंब्याची निवड केली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून उडालेले पहिले रॉकेट नाइकी-अपाची हे अमेरिकी बनावटीचे होते आणि ते दोन टप्प्यांचेच होते.

टप्पे कशासाठी? रॉकेट वर जाते तसे त्याचे इंधन संपते, पण इंधन वाहणारे भांडे मात्र उरते. ते रिकामे भांडे वाहण्यात पुढची शक्ती खर्ची पडते. रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्की यांनी १९२९ मध्ये रॉकेटांच्या आगगाडीची कल्पना मांडली, तिचे सार हेच होते. ज्याचे काम झाले, त्याने बाजूला व्हावे आणि पुढच्याने मिळालेल्या वेगावर आपला वेग चढवावा. कागदावर हे एका ओळीत मावते. बाटल्यांत उतरवायला त्या घराला परीक्षेनंतरची सारी सुट्टी लागली.

मे महिन्यात दुकानाच्या मागच्या खोलीत काम सुरू झाले. या वेळी आजोबा पहारेकरी राहिले नाहीत, कारागीर झाले. २ लिटरच्या खालच्या बाटलीच्या बुडाला भोक पाडून त्यांनी पितळी निपल दोन्ही बाजूंनी रबरी वायसर लावून आवळला. त्यावर सायकलच्या ट्यूबमधील झडप बसवली. खालून भरलेली हवा तिच्यातून वरच्या १ लिटरच्या बाटलीत जाई, पण परत खाली येत नसे. साबणाचे पाणी लावून गळती तपासली. खरा प्रश्न वरच्या बाटलीला धरून ठेवण्याचा होता. बाटलीचे तोंड जेमतेम २२ मिलिमीटरचे. तरी ६० पौंड दाबाला त्या इवल्या वर्तुळावर सुमारे १५ किलो वजनाइतका जोर येतो. केबल टायची डोकी बाटलीच्या गळ्याच्या कडेवर अडकवली आणि ती उघडू नयेत म्हणून बाहेरून पाइपचे कडे चढवले. खालच्या बाटलीला जोडलेल्या दोन सिरिंजांचे दट्टे हवेच्या दाबाने ते कडे वर उचलून धरत. खालचे पाणी संपून दाब उतरला की रबरबँड कडे खाली ओढत, केबल टाय मोकळे होत आणि वरची बाटली सुटे. वरच्या बाटलीचे सुटणे हेच तिचे निघणे, कारण त्याच क्षणी तिचे तोंड उघडे पडते. लवकर सुटली तर खालच्याचा जोर वाया गेला. उशिरा सुटली तर मिळालेला वेग ओसरला, टोकही खाली वळले. यशापयश त्या एका क्षणावर टांगलेले होते.

पहिल्या प्रयत्नात दाब ४० पौंडांवर असतानाच कडे घसरले. वरची बाटली एकटीच तिरकी निघून गेली आणि खालची जागच्या जागी उभी राहिली. पंपावर असलेले आजोबा नखशिखांत भिजले. नातवंडे हसली, आजोबा हसले नाहीत. त्या रात्री ते बराच वेळ मागच्या खोलीत दिवा लावून बसले होते.

दुसऱ्या प्रयत्नात सारे नीट झाले. हवा ६० पौंडांपर्यंत चढली, दोरी ओढली, जोडरॉकेट सरळ वर गेले. आणि सुटलेच नाही. दोन्ही बाटल्या एकमेकींना धरून वळल्या आणि पाण्याने भरलेली वरची बाटली नाकावर येऊन वाळूत हातभर रुतली. सर्वजण दूर होते म्हणून काही झाले नाही. नातीने सांधा उलगडला, तेव्हा केबल टायभोवती टेफ्लॉन टेपचे चार वेढे निघाले. ते तिने घातलेले नव्हते. तिने आजोबांकडे पाहिले आणि काही न बोलता टेप त्यांच्या हातावर ठेवली. आजी मात्र बोलून गेल्या, “अहो, ते सुटायचंच आहे. इतकं घट्ट कशाला बांधून ठेवलंत?”

त्यावर कोणीच काही बोलले नाही. परतीच्या वाटेवर नातीने धाकट्या भावाला एसएलव्ही-३ ची हकीगत सांगितली. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेले ते चार टप्प्यांचे रॉकेट दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतील बिघाडामुळे समुद्रात कोसळले. अब्दुल कलाम प्रकल्पाचे प्रमुख होते. बिघाड शोधला, दुरुस्त केला आणि १८ जुलै १९८० रोजी त्याच बनावटीच्या रॉकेटने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. ती भावाला सांगत होती. चार पावले मागून चालणारे आजोबा ऐकत होते.

तिसऱ्या वेळी सांधा आजोबांनीच बांधला. टेपचा एकही वेढा घेतला नाही. रबरबँड त्यांनी पुनःपुन्हा बदलून पाहिले. कडे कोणत्या दाबाला घसरते हे घरीच वहीत टिपले. मेअखेरीची सकाळ होती, समुद्र शांत होता. नातवाने दहापासून उलटे आकडे मोजले. जोडरॉकेट माडांच्या शेंड्यांपर्यंत गेले, आणि तेथे, मोकळ्या आकाशात, पांढऱ्या पाण्याची दुसरी धार फुटली. वरची बाटली एवढ्या वेगाने निघून गेली की क्षणभर ती कोणालाच दिसेना. सुनेच्या हातातील कोन ४८ अंशांवर थांबला. उंची सुमारे ५५ मीटर.

नातवंडे सुरूच्या बनाकडे धावली. आजोबा तेथेच उभे राहिले. रिकामी झालेली खालची बाटली हेलकावे खात त्यांच्यापासून पंधरा-वीस पावलांवर उतरली. त्यांनी ती उचलली, वाळू झटकली, पंख तपासले. तिला काहीही झालेले नव्हते. मग वाळूतले रबरबँड आणि केबल टायचे तुकडेही वेचून त्यांनी पिशवीत टाकले. किनाऱ्यावर प्लॅस्टिकचा कण मागे ठेवायचा नाही, हाही त्यांचाच नियम होता. घरी परतताना त्यांनी सुनेला विचारले, “पुण्याची सकाळची पहिली गाडी कितीची असते?”

पुढे पाऊस सुरू झाला, निकाल लागले, प्रवेशाच्या याद्या आल्या. वसतिगृहाच्या अर्जावर पालक म्हणून आजोबांची सही आहे. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला आता एक पान कमी मांडले जाते. त्याच वेळी आजोबांच्या फोनची घंटा वाजते आणि पलीकडून जेवलात का, अशी विचारणा होते.

दुकानाच्या गल्ल्यामागील फळीवर तीन पंखांची एक बाटली ठेवलेली आहे. नळाचे वायसर न्यायला आलेले गिऱ्हाईक कधी कुतूहलाने तिच्याविषयी विचारते. आजोबा सामान कागदात बांधता बांधता सांगतात, “रॉकेट आहे ते. ही खालची बाटली. वरची पुण्याला असते.”