एकाच पिठाच्या भाकरी

गाण्यातलं मला काही कळत नाही, हे मी मोकळेपणानं कबूल करतो. तरीपण पुतण्याच्या खोलीतून सकाळपासून तेच गाणं पाचव्यांदा सुरू झालं, तेव्हा उठून गेलोच.

"अरे, रेकॉर्ड अडकली की काय?"

"काका, ही पाच निराळी गाणी आहेत. जमैकाची. साथ तेवढी एक."

जमैका म्हटलं की मला फक्त मायकेल होल्डिंग आणि १९७६ साली किंग्स्टनला त्यानं केलेली आपल्या फलंदाजांची दशा आठवते. तिथं गातातही, ही बातमी नवी होती. पुतण्यानं शिकवणीच घेतली. ढोल, बास वगैरेंची साथ एकदा मुद्रित करून ठेवतात, तिचं बारसं करतात आणि मग वर्षानुवर्षं नवेनवे गायक तिच्यावर आपापली गाणी गातात. या साथीला म्हणायचं 'रिडिम'.

"म्हणजे पीठ एकच, भाकऱ्या ज्याच्या त्याच्या," हिनं स्वयंपाकघरातूनच निकाल दिला. माझ्या डोक्यात तेव्हा कुठं प्रकाश पडला.

आमच्या पिठाचं नाव 'स्टॅलॅग'. सत्तरीच्या दशकात निर्माते विन्स्टन रायली यांनी अ‍ॅन्सेल कॉलिन्सकडून ऑर्गनवर वाजवून घेतलेलं. नाव १९५३ सालच्या युद्धकैद्यांच्या सिनेमावरून! १९८५ साली टेनर सॉनं त्यावर 'रिंग द अलार्म' गायलं. गळा असा, की माझ्यासारखा औरंगजेबही थबकला. पोरगा १९८८ साली गेला, पंचविशीच्या आत.

पण मी खुर्ची ओढून बसलो ते सिस्टर नॅन्सीपाशी. १९८२ साली, विशीतल्या या मुलीनं, पुरुषांच्या त्या आखाड्यात उतरून याच साथीवर 'बॅम बॅम' म्हटलं. पुढं ती अमेरिकेत न्यू जर्सीला गेली आणि चक्क बँकेत नोकरीला लागली.

बँकेत! चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला याहून जवळचं नातं कुठलं? इकडं सिनेमात, नाचघरांत हिचं गाणं वाजतंय आणि तिकडं बाई दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब ठेवताहेत. स्वतःच्या गाण्याचा एक छदाम नाही! २०१४ साली टीव्हीवर बुटांच्या जाहिरातीत आपलाच आवाज ऐकला, तेव्हा त्यांनी वकील गाठला. हक्कात अर्धा वाटा मिळाला आणि मागच्या दहा वर्षांचे पैसे.

"झाले किती वर्षं?" हिनं विचारलं.

"बत्तीस."

"मग बावीस वर्षांचे कुठं गेले?"

पुतण्या गप्प. मी सवयीनं पेन्सिल घेतली, चक्रवाढ व्याजानं मांडणी करू लागलो, पण मुद्दल ठाऊक नसताना टॅली काय होणार? पेन्सिल कानावर ठेवली.

"लाव रे पुन्हा. त्या बाईंचंच."

"आवाज मोठा कर, इथं ऐकू येत नाही," आतून हुकूम आला.