महाडच्या अलीकडे एक खडा

पळस्पे फाट्यावरून गाडी दक्षिणेकडे वळली, की आमच्या अम्मीची सफरची दुआ पूर्ण झालेली असते आणि डब्याचे झाकण उघडलेले असते. कर्नाळ्याची सावली, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव ही नावे मुंब्र्याच्या कोकणी घरांतल्या मुलांना पाढ्यांसारखी पाठ असतात. हा महामार्ग पूर्वी 17 क्रमांकाचा होता, आता 66 आहे. चौपदरीकरणाला दहा वर्षांहून अधिक काळ लोटला. मध्येच गुळगुळीत काँक्रीट लागते, आणि मध्येच पुलाच्या कामाशेजारून खडी पसरलेला वळणरस्ता. अशाच एका वळणरस्त्यावर, लोणेऱ्याच्या पुढे, माझ्या धाकट्या भावाच्या पाच महिन्यांच्या गाडीवर खडा आला.

मे महिना होता. खेडजवळच्या गावी मावसबहिणीचा निकाह, असरनंतर. तिची आई हयात नाही, त्यामुळे खाला म्हणून अम्मीनेच तिच्याजवळ बसायचे ठरले होते. पुढे ताडपत्री न घातलेला डंपर चालला होता. टक्‌ असा आवाज झाला आणि समोरच्या काचेवर, डाव्या बाजूला, जुन्या आठ आण्याएवढी चांदणी उमटली.

"नजर लागली माझ्या पोराच्या गाडीला," अम्मी म्हणाली. "कालच सारा मोहल्ला वाकून वाकून बघत होता."

"अम्मी, डंपरवर ताडपत्री नव्हती, ते बघ आधी," भाऊ म्हणाला.

नजर मानणारे आम्हीही आहोत. पण पुढच्या अर्ध्या तासात जे घडले ते उष्णतेचे काम होते. बाहेर ऊन, आत एसी पूर्ण जोरात, त्याचा झोत थेट काचेवर. बाहेरून तापलेली आणि आतून गार झालेली काच ताणली जाते आणि तो ताण सगळ्यात कमजोर जागी, म्हणजे त्या चांदणीशी, मोकळा होतो. दासगाव येईपर्यंत चांदणीतून एक रेघ निघाली आणि आमच्या डोळ्यांदेखत वीतभर सरकली.

महाडला मशिदीजवळ गाडी लावली. आम्ही शाफई, मुसाफिर. जोहर आणि असर जमा-कसर करून घेतली. तेवढ्यात भावाने पंक्चरवाल्याला विचारून काचेचे काम करणाऱ्या एका चाचांना गाठले. त्यांनी आधी धुळीवर पाणी ओतायला निघालेल्या अम्मीच्या हातातली बाटली काढून घेतली. "आपा, तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकाल तर ही रेघ इथून तिथवर जाईल." मग त्यांनी आतल्या बाजूने रेघेवरून नख फिरवले. नख कुठे अडले नाही.

त्या नखाचा अर्थ मी वर्गात बरेचदा सांगितला आहे. समोरची काच एक नसते. दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ, चिवट पडदा असतो. फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांनी अशा काचेचे पेटंट 1909 मध्ये घेतले. तडा गेला तरी तुकडे पडद्याला चिकटून राहतात, आतल्यांच्या अंगावर कोसळत नाहीत. दारांच्या काचा बहुधा वेगळ्या असतात. त्या फुटल्या तर त्यांचे बोथट दाणे होतात. आमच्या काचेचा फक्त बाहेरचा थर तडकला होता.

चाचांनी खरे ते सांगितले. नुसती चांदणी असती तर पारदर्शक राळ भरून, निळ्या दिव्याखाली सुकवून अर्ध्या तासात काम झाले असते. रेघ लांबली आणि काठाकडे निघाली, की काच बदलावीच लागते. शिवाय या गाडीला आरशामागे कॅमेरा आहे; काच बदलल्यावर तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, ते काम मोठ्या ठिकाणचे. आणि नवी काच चिकटवली तरी गोंद धरायला काही तास गाडी हलवायची नाही.

आता जायचे की नाही? भाऊ म्हणाला, मी थांबतो, तुम्ही एसटीने जा. अम्मी एसटी स्टँडकडे निघालीही. चाचांनी अडवले: रेघ चालवणाऱ्याच्या नजरेसमोर नाही, आतला थर शाबूत आहे, सावकाश जा. त्यांनी चांदणीवर पारदर्शक टेप लावली, एसीचा झोत पायांकडे वळवला आणि दारे आपटू नका म्हणाले. बंद गाडीत दार आपटले की आतली हवा काचेला ढकलते. पैसे घेतले नाहीत. अम्मीने सदक्याचे पैसे काढले होते, ते मशिदीच्या पेटीत गेले.

महाडच्या पुढे सावित्री नदी. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री इथला इंग्रजांच्या काळातला पूल दोन एसट्या आणि माणसांसह वाहून गेला. आजही त्या जागी आमच्या गाडीतले बोलणे थांबते. त्या दिवशीही थांबले. पोलादपूर गेले, कशेडीचा बोगदा आला. त्याने घाटाची वळणे वाचतात. तडकलेल्या काचेला वळणांपेक्षा खड्ड्यांची भीती जास्त, म्हणून भाऊ चाळिशीच्या वर गेला नाही. भरणे नाका आला तेव्हा जगबुडीच्या काठी ऊन कलले होते. अम्मी गाडीतून उतरून थेट नवरीच्या खोलीत गेली.

खर्चाचे सांगायला हवे, कारण आपल्या बऱ्याच घरांत विम्याबद्दल मनात शंका असते आणि कायद्याने सक्तीचा तेवढा तृतीय पक्ष विमा घेतला जातो. त्यातून स्वतःच्या गाडीची काच मिळत नाही. खडा लागणे वॉरंटीतही बसत नाही. भावाचा विमा पूर्ण होता. काचेवर घसारा कापत नाहीत. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे 1000 रुपये मात्र आपले आपण भरायचे. दावा केला की पुढच्या वर्षीची 20 टक्के सूट जाते, जादा हप्ता भरून ती राखली नसेल तर. ही सूट फक्त गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते. तो 12,000 असेल तर 2400 रुपये गेले. काच त्याहून किती महाग, हे पाहून भावाने दावा केला, आणि काच काढण्याआधी फोटो पाठवून कळवले.

एक गोष्ट गॅरेजमध्ये कोणी आठवण करून देत नाही. फास्टॅग जुन्या काचेवर चिकटलेला असतो आणि काढताना फाटतो. भावाने गाडी ताब्यात घ्यायच्या आदल्या दिवशीच बँकेकडून नवा मागवला होता, म्हणून पुढच्या टोलनाक्यावर जादा पैसे पडले नाहीत.