जुन्या लेन्सचा कौल

२०१८ ची दिवाळी तोंडावर आली होती. भिशीचे पैसे हाती आले आणि घरात कॅमेऱ्याचा विषय निघाला. निवड दोहोंवर येऊन ठेपली: निकॉन डी५६०० आणि डी७५००. पहिल्यात २४ मेगापिक्सेल, दुसऱ्यात जेमतेम २१. पहिला ४१५ ग्रॅमचा, दुसरा ६४० ग्रॅमचा, शिवाय बराच महाग.

"यात विचार कसला करायचा? हलका आणि स्वस्त तोच घेऊ," सूनबाईंचा हिशेब सरळ होता. मुलालाही तो पटला.

बाबा काही बोलले नाहीत. कपाटातून ५० मिलिमीटरची जुनी डी लेन्स काढून त्यांनी टेबलावर ठेवली. रीळवाल्या कॅमेऱ्यावर हीच लेन्स लावून त्यांनी मुलाचे सारे बालपण टिपले होते.

दुकानात ती दोन्ही कॅमेऱ्यांना बसली. पण या लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते. फोकस जुळवणारी मोटर कॅमेऱ्यातच असावी लागते. डी५६०० मध्ये ती नाही. तिथे फोकस हाताने जुळवायचा, आणि बाबांची नजर तर अधू झालेली! डी७५०० ने मात्र कर्र आवाज करत क्षणात फोकस पकडला. बाबांचा चेहरा उजळला.

सूनबाईंनी मुकाट्याने पर्स उघडली. "माझ्या बांगड्या पुढच्या वर्षी."

"पण बाबा, वजन पेलेल ना?" मुलाने विचारले.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाबांनी दोन्ही कोपरे टेबलावर टेकवली आणि पणती लावणाऱ्या नातीचा फोटो काढला. अगदी स्वच्छ!