घोडीचे पंचांग

शर्यतीच्या घोड्याचा जन्म वर्षाच्या कोणत्याही महिन्यात झालेला असो, आपल्याकडे दप्तरी त्याचे वय 1 जानेवारीपासून मोजले जाते. त्यामुळे डिसेंबरच्या अखेरच्या रात्री जन्मलेले शिंगरू दुसऱ्या दिवशी उजाडताच एका वर्षाचे ठरते, आणि जवळजवळ वर्षभराने थोर असलेल्या शिंगरांच्या रांगेत त्याला उभे राहावे लागते. या साऱ्या नोंदी ठेवणाऱ्या स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडियाचे दप्तर आमच्या पुण्यातच आहे, आणि शर्यतीच्या या थरोब्रेड जातीत कृत्रिम रेतनास मुळीच परवानगी नसल्याने घोडा व घोडी यांची प्रत्यक्ष गाठ पडल्यावाचून कोणत्याही शिंगराची तेथे नोंद होत नाही. पशुवैद्यकाची पदवी घेऊन मी मावळात आलो आणि लोहगडवाडीत बिऱ्हाड करून पवनेच्या खोऱ्यातील एका पागेचे काम पाहू लागलो, तेव्हा घोडीला दिल्या जाणाऱ्या संप्रेरकांच्या मुळाशी हे दोन नियम आहेत, ही गोष्ट मला हळूहळू उमगत गेली.

निसर्गाचा कारभार या दप्तरी तारखेस जुमानणारा नव्हे. घोडी ही वाढत्या उजेडाबरोबर माजावर येणारी जात. हिवाळ्यात दिवस लहान झाला की तिचे अंडाशय मंदावते, आणि आपल्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा होत असल्याने, थंड मुलखाइतके नसले तरी, ते मंदावणे येथेही दिसते. एरव्ही सुमारे एकवीस दिवसांनी तिचे ऋतुचक्र फिरते, त्यांतील पाच ते सात दिवस ती घोड्यास अनुकूल असते, आणि त्या मुदतीच्या शेवटच्या एकदोन दिवसांत बीज सुटते. गर्भ सुमारे 340 दिवस राहतो, म्हणजे दरवर्षी एक शिंगरू हवे असल्यास व्याल्यानंतर पुन्हा गाभण राहण्यासाठी तिच्या पदरी अवघे पंचवीस दिवस उरतात. त्यातच नामांकित घोडा एक आणि त्याच्यासाठी राखलेल्या घोड्या अनेक; तेव्हा कोणती घोडी कोणत्या दिवशी त्याच्याकडे न्यावयाची याची तजवीज अगोदरच करावी लागते.

या तजविजीचा पहिला उपाय औषधाचा नव्हेच. डिसेंबरपासून तबेल्यात रात्री उशिरापर्यंत दिवे जळत ठेवून घोडीला सोळा तासांचा दिवस भासवला, की साधारण दोन महिन्यांत तिचे चक्र सुरू होते. औषधांची पाळी त्यानंतर येते. बीज सुटल्यावर अंडाशयात जो पीतपिंड तयार होतो तो पाचसहा दिवसांचा झालेला असल्यास प्रोस्टाग्लँडिनच्या एका सुईने तो विरघळतो, आणि घोडी दोनतीन दिवसांत माजावर येऊ लागते. त्याहून कोवळ्या पिंडावर मात्र ती सुई सहसा वाया जाते. अंडाशयातील बीज धरणारे पुटक पस्तीस मिलिमीटरहून मोठे झाल्याचे सोनोग्राफीत दिसले म्हणजे एचसीजी या संप्रेरकाची सुई द्यावयाची, की सुमारे दोन दिवसांत बीज सुटते. हे एचसीजी गर्भवती स्त्रियांच्या मूत्रातून काढलेले असते, आणि उलट गाभण घोडीच्या रक्तातून निघणारे संप्रेरक गाईम्हशींच्या कामी येते, हे ऐकून पागेतील वृद्ध मोतद्दार कानांवर हात ठेवीत.

प्रोस्टाग्लँडिनची सुई प्रथम पाहणाऱ्याची छाती दडपून जाते. दहापंधरा मिनिटांत घोडीच्या मानेवर आणि बगलांत घाम फुटतो, ती पोटाकडे वळून पाहते, पुढच्या पायाने जमीन उकरते, लीद पातळ होते. नवखा मोतद्दार पोटशूळ समजून धावत येई. वृद्ध मोतद्दार घोडीला दोरीवर धरून सावकाश फिरवीत त्याला म्हणत, ‘‘अरे, उतरंल तासाभरात. लगाम ओढू नको.’’ आणि ते तसेच उतरे.

तिसरे औषध अल्ट्रेनोजेस्ट. तेलात विरवलेले हे औषध रोज तोंडावाटे किंवा चंदीवर घालून दहा ते पंधरा दिवस दिले, की तेवढे दिवस माज दबून राहतो, आणि बंद केल्यावर चारपाच दिवसांत घोडी माजावर येते. पाचशे किलोच्या घोडीस त्याचे दिवसाचे मान अवघे बावीस मिलिग्रॅम. परंतु ते माणसाच्या कातडीतूनही आत शिरते. म्हणून गरोदर किंवा मासिक पाळी येणाऱ्या स्त्रीने त्याला हात लावू नये, आणि इतर कोणी हाताळले तरी हातमोजे घालूनच, असा पागेत सक्त हुकूम होता.

या हुकमाचे मोल मला आमच्या वाडीतच पटले. वाडीतल्या एका मामांनी वरातीसाठी घोडी पाळली होती. लग्नसराई नेमकी चैत्रवैशाखात, आणि घोडीच्या माजाचे दिवसही तेच. वरातीत समोरून दुसऱ्याचा घोडा आला, की ती नवरदेवासकट थबके, शेपटी बाजूला धरी, वरचेवर लघवी करी. मामा एके संध्याकाळी माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘‘डाक्टर, पागेतल्या घोड्यांना माज दाबायचं औषध देता म्हणं. आमच्या घोडीला दोन महिन्यांचं द्या, म्हणजे सराई निभावंल.’’ मी विचारले, ‘‘मामा, घोडीला चंदी कोण घालतं?’’ ‘‘सूनबाई. आन् कोण?’’

सूनबाईंच्या लग्नाला तेव्हा वर्षही झाले नव्हते; हरभरे भिजवून, हाताने कालवून त्या घोडीपुढे ठेवीत. मी औषध दिले नाही. त्याऐवजी भिंतीवरच्या कालनिर्णयावर घोडीच्या माजाचा पहिला दिवस तांबड्या पेन्सिलीने मांडून तेथून एकवीस दिवस मोजावयास मामांना शिकवले, आणि त्या खुणेच्या आसपासच्या आठवड्यात वरातीची सुपारी घेऊ नये असे सांगितले. मामा हसून म्हणाले, ‘‘म्हंजे मुहूर्त काढताना भटजीच्या आधी घोडीला विचारायचं!’’ पण खुणा त्यांनी नेमाने केल्या. काही सुपाऱ्या त्यांना सोडाव्या लागल्या, हे खरे. तरी पुढल्या सराईत त्यांची घोडी भर रस्त्यात अडली नाही.

पागेतल्या कामाचा आणि मामांच्या कालनिर्णयाचा मेळ घातल्यावर माझे मत कायम झाले ते असे, की संप्रेरक घोडीचा दिवस दोन पावले पुढेमागे सरकवू शकते, परंतु तो दिवस मुळात कोणता हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती ते औषध म्हणजे पैशाचा अपव्यय आणि घरादारास धोका. ज्यांच्या दारी घोडी आहे त्यांना म्हणून विनंती, की सुईची चौकशी करण्याआधी घोडीच्या माजाची वही घालावी, पशुवैद्याने तपासल्यावाचून कोणाच्या सांगण्यावरून संप्रेरक देऊ नये, आणि दिलेच तर चंदीच्या घमेल्याजवळ घरातील लेकीसुनांना जाऊ देऊ नये.