मान खाली, डोळे उघडे

आमच्याकडे पोरगा पहिल्यांदा कामाला निघाला की घरातलं प्रत्येक मोठं माणूस त्याला एकच गोष्ट सांगतं, 'मान खाली घालून काम कर. कुणाच्या अध्यात नको, मध्यात नको.' पोरगी निघाली तर हेच तिला दोनदा ऐकावं लागतं. या सांगण्यात माया असते, तशी भीतीही असते. आपलं नाव वेगळं, घरातली बोली वेगळी, मोहल्ला वेगळा; तेव्हा जितकं कमी नजरेत भराल तितकं बरं, असा तो हिशेब असतो.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना मराठी शिकवते. दहावीनंतर बरीच मुलं कॉलेजात जातात, पण काहींना लगेच कामाला लागावं लागतं. कुणी मॉलमध्ये, कुणी औषधाच्या दुकानात, कुणी मोबाइलवर ऑर्डर पडेल तसं घरोघर सामान पोचवायला. त्यांना दोन शब्द सांगायची वेळ येते तेव्हा मला पुस्तकातली सुविचारांची पानं आठवत नाहीत. मला माझी घोडपदेवची वस्ती आठवते.

घोडपदेवच्या एका बाजूला भायखळा, दुसऱ्या बाजूला रे रोड आणि दारूखाना, पलीकडे कॉटन ग्रीन. गिरण्या, गोदी आणि कापसाची गोदामं यांच्या मधोमध राहिलेली ही माणसं. नोकरी म्हणजे काय हे त्यांनी अंगावर घेऊन शिकलेलं आहे. त्यांच्याकडचं शहाणपण मान खाली घालण्यापाशी संपत नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

आमचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, साताऱ्याकडून मुंबईत आले आणि गिरणीच्या साचेखात्यात लागले. साचा म्हणजे माग. त्या खात्यात आवाज इतका की शेजारच्या माणसाशी हाताच्या खुणांनी आणि ओठांच्या हालचालींनी बोलायचं. म्हातारपणी दादा घरातसुद्धा ओरडूनच बोलायचे. त्यांना कामाला लावलं जॉबरनं. जॉबरचं काम माणसं भरायचं आणि त्यांच्यावर नजर ठेवायचं; भरतीसाठी तो दस्तुरीही घ्यायचा. पण काम शिकवलं ते शेजारच्या साच्यावरच्या एका मराठी विणकरानं. त्याला त्याचा एक पैसाही मिळणार नव्हता. त्यानं पहिले आठ दिवस दादांना साच्याला हात लावू दिला नाही. तुटलेल्या धाग्याची गाठ मारायला तेवढी शिकवली. गाठ जाड बसली तर कापडात दोष दिसतो आणि कापडातला दोष मजुरीतून कापला जातो.

इथं मात्र मान खालीच हवी. ज्याची नजर धाग्यावर नाही त्याच्याकडून कापड निघत नाही. नव्या कामावर पहिले काही महिने आपल्या कामातली 'गाठ' कोणती ते शोधावं. दुकानात ती बिलातली चूक दुरुस्त करणं असेल, शाळेत हजेरीपट बिनचूक भरणं असेल. मोठी कामं सगळ्यांना दिसतात. तुटलेलं गुपचूप जोडता येणाऱ्या माणसाला कुणी सहसा काढत नाही. आणि ती गाठ शिकवणारा माणूस तुमच्या नेमणूकपत्रात लिहिलेला नसतो; तो आपणच हुडकावा लागतो. बहुतेकदा तो साहेब नसतो. चहा आणणारा मामा असतो, नाहीतर वीस वर्षं एकाच खुर्चीवर बसलेली एखादी बाई असते.

अब्बा बदली होते. आजच्या मुलांना हा शब्द माहीत नाही. बदली म्हणजे रोज पाळीच्या आधी गिरणीच्या दारात उभं राहायचं आणि कायम कामगारांपैकी कुणी आला नाही तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम करायचं. 1935 मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी बदल्यांना कार्ड द्यायची पद्धत सुरू केली, तेव्हा दाराशी उभ्या राहणाऱ्या गर्दीला थोडी शिस्त आली. पण मूळ गोष्ट तीच राहिली. दुसरा आजारी पडेल तेव्हाच आपली चूल पेटेल. दादा अब्बांना म्हणायचे, 'दाराशी उभा राहा, पण कुणाच्या आजारपणाची दुआ मागू नकोस.' मोबाइलवरच्या ऑर्डरची वाट बघत रस्त्याच्या कडेला मोटारसायकलवर बसलेली माझी मुलं दिसली की मला हे वाक्य आठवतं. दार गेलं, भोंगा गेला, बदली आहेच.

मीसुद्धा बदलीच्या जातीचीच नोकरी केली. महाराष्ट्रात 2000 सालापासून नव्या शिक्षकाला आधी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून ठरावीक मानधनावर काढावी लागतात. माझ्या वेळी माध्यमिकला ते महिना 8,000 रुपये होतं; 2023 मध्ये ते 18,000 झालं. ज्या शाळेत मी सुरुवात केली तिथं आम्ही तिघी सेवक होतो. तिघींतली एकच टिकणार, असं आमच्या कानावर पडेल अशा बेतानं बोललं जायचं. एकीसमोर दुसरीची तारीफ व्हायची. आम्ही मग एक गोष्ट ठरवली. पाठ-टाचण एकमेकींना दाखवायचं, एक रजेवर असेल तर तिचा वर्ग दुसरीनं नीट घ्यायचा आणि तिसरीबद्दल विचारलं तर 'तिलाच विचारा' म्हणायचं. यातून चमत्कार काही घडला नाही. पटसंख्या घटली, एक तुकडी बंद झाली आणि आमच्यातली एक घरी बसली. पण दुसऱ्या शाळेत जागा निघाल्याची खबर तिला आमच्यातल्याच एकीनं दिली आणि ती तिथं लागली. एकमेकींचे पाय ओढले असते तर ही खबर तिच्यापर्यंत पोचलीच नसती.

दादांच्या साचेखात्याबद्दल मला अभिमान आहे, पण त्या खात्याची एक गोष्ट मी मुलांपासून लपवत नाही. त्या काळी धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचं टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडानं ओढून काढावं लागे. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकामात येऊ दिलं जात नव्हतं. विणकराची मजुरी चांगली, तरी ते कमी मजुरीच्या खात्यांतच अडकून राहिले. हिंदू विणकर आणि मुसलमान विणकर शेजारी शेजारी उभे होते, गाठ मारायला एकमेकांना शिकवत होते, तरी तिसऱ्या माणसाला दार बंद होतं. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे पुढे आणला. म्हणून मी मुलांना सांगते, कामावर गेल्यावर आपल्या शेजारी कोण आहे हे बघा, आणि कोण नाही तेही बघा. आपल्याला कुठं तरी दार बंद मिळालं याची तक्रार करणाऱ्यानं आपण कुठल्या दाराच्या आत उभे आहोत तेही तपासावं.

घोडपदेवहून राणीची बाग जवळच आहे. मुलांना ती वाघ आणि पेंग्विनसाठी ठाऊक असते. 1893 मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची दंगल झाली, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी याच बागेत सगळ्या धर्मांच्या कामगारांची एकोप्याची सभा भरवली होती. लोखंडे स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते आणि 'दीनबंधू' हे पत्र चालवत होते. 1884 मध्ये त्यांनी सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या आज वाचताना हसू येईल इतक्या साध्या आहेत. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत, कामावर इजा झाली तर भरपाई. रविवारची सुट्टी मिळायला 10 जून 1890 उजाडावा लागला. मान खाली घालणाऱ्यांच्या वाट्याला ही सुट्टी आपोआप आलेली नाही. पण लोखंड्यांचा मार्गही नीट बघावा. आधी माणसं जोडली, मग मागणं कागदावर मांडलं, सह्या घेतल्या आणि चिकाटीनं पाठपुरावा केला. नव्या नोकरीत रागानं बोललेलं एक वाक्य वाऱ्यावर जातं. चौघांनी मिळून नम्रपणे लिहिलेला अर्ज फायलीत राहतो.

गोदीकडचा धडा आणखी वेगळा आहे. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर दुपारी धूर दिसला. त्यात सुमारे 1,400 टन स्फोटकं होती, शिवाय कापसाच्या गासड्या. चारच्या सुमारास स्फोट झाला, पाठोपाठ दुसरा. मधल्या दोन-अडीच तासांत तिथं अधिकारी पुष्कळ जमले होते. पण जहाज तिथंच बुडवायचं की आग विझवत राहायचं, हे शेवटचं ठरवणारा कुणी एक नव्हता. शेकडो माणसं गेली. अग्निशमन दलाचे 66 जवान आपलं काम करता करता गेले. म्हणून नव्या जागी गेल्यावर पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी विचाराव्यात. बाहेर पडायची वाट कुठं आहे, आणि काही बिघडलं तर कुणाला सांगायचं. धूर दिसला तर 'माझं काम नाही' म्हणून गप्प बसू नये.

आता कागदाबद्दल. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले पुष्कळ पुन्हा कधी आत गेले नाहीत. अब्बा दारूखान्यात भंगाराच्या कामाला लागले. दादांनी गिरणीतलं सगळं सोडलं, पण आपली रजेची वही आणि पगाराच्या पावत्या दादीच्या पेटीत ठेवल्या. घरात सगळे हसायचे, बंद गिरणीची रजा आता कुठं घेणार म्हणून. पुढे गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरं द्यायचं ठरलं. 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामाला होतो, असा पुरावा द्यायचा होता. दादा तोवर अल्लाहघरी गेले होते. वारस म्हणून अब्बांनी अर्ज केला आणि ती वही बाहेर निघाली. 2012 मध्ये म्हाडाची पहिली सोडत निघाली. त्यानंतरही सोडती झाल्या. घरं थोडी आणि अर्ज ढीगभर. आमचा नंबर लागला नाही. पण आमचा अर्ज निदान रांगेत आहे. ज्यांनी कागद रद्दीत घातले त्यांना रांगेत उभं राहणंच अवघड झालं. आमच्याजवळच न्यू हिंद मिलच्या जागेवर कामगारांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. तिथून जाताना मला प्रत्येक खिडकीमागे कुणाच्या तरी पेटीतली एक वही दिसते.

माझा एक विद्यार्थी एका दुकानात लागला. मालकानं त्याला सांगितलं, गिऱ्हाइकांसमोर तुझं नाव राजू. तो मला विचारायला आला, 'मिस, काय करू?' घरी आजारी आई, पगाराची गरज. त्याला शौर्याचा उपदेश करणं मला सोपं होतं, कारण नोकरी त्याची जाणार होती. मी म्हटलं, 'दुकानात काय हाक ऐकायची ते तू ठरव. पण पगाराच्या पावतीवर, हजेरीवर आणि पीएफच्या खात्यावर आधार कार्डावरचं तुझं पूर्ण नाव हवं. तिथं राजू चालणार नाही.' त्यानं तेवढं मागून घेतलं. पुढच्या वर्षी त्यानं दुसरी नोकरी धरली, स्वतःच्या नावानं. माझं उत्तर बरोबर होतं का, यावर आमच्या शिक्षकांच्या खोलीत अजून दोन मतं आहेत.

मराठीची भीती हीदेखील मान खाली जायचं एक कारण आहे. आमची मुलं मराठी बोलतात, पण अर्ज लिहायचा म्हटलं की हात थांबतो. त्यांना मी नारायण सुर्व्यांबद्दल सांगते. गिरणीत काम केलेला हा माणूस महापालिकेच्या शाळेत शिपाई झाला, परीक्षा देऊन महापालिकेच्याच शाळेत शिक्षक झाला, मराठीतला मोठा कवी झाला आणि त्यानं उर्दूतले कृष्णचंदर मराठीत आणले. दोन भाषांमधलं अंतर एका कामगारानं चालून दाखवलेलं आहे. आपल्याला ते उलट्या दिशेनं चालायचं आहे, इतकंच.

दरवर्षी दहावीच्या शेवटच्या तासांपैकी एक तास मी धड्यासाठी वापरत नाही. फळ्यावर पगाराची पावती काढते. मूळ पगार, कपात, पीएफ, हातात येणारी रक्कम. मग मुलांकडून मराठीत दोन अर्ज लिहून घेते, एक रजेचा आणि एक पगार वेळेवर मिळत नसल्याचा. दुसरा अर्ज लिहिताना वर्ग शांत होतो. कुणी तरी हमखास विचारतं, 'मिस, असं लिहिलं तर काढून टाकणार नाहीत?' मी खरं ते सांगते, की कधी कधी काढतातही. म्हणून एकट्यानं लिहू नका, त्याची एक प्रत घरी पेटीत ठेवा आणि ज्या दिवशी तुमच्यानंतर कुणी नवा माणूस कामावर येईल, त्याला आधी गाठ मारायला शिकवा.